'आख्यायिका' लिहू का 'कथा'? आणि 'प्रणय' नको तर मग काय?

माझ्या मावसबहिणीने कादंबरी लिहिलीये. काळ सातवाहनांचा, गाव पैठण, म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान. मुख्य गोष्ट शकांबरोबरच्या लढाईची आहे, पण त्यात एक गंधर्व शाप मिळाल्यामुळे गोदावरीकाठी विणकर होऊन राहतो आणि तिथल्याच एका मुलीच्या प्रेमात पडतो असंही आहे. मागच्या कव्हरवरचा मजकूर मी लिहितेय आणि दोन ठिकाणी अडकलेय. मी लिहिलं होतं "सातवाहनकाळातल्या आख्यायिकेवर आधारलेली कादंबरी", तर बहीण म्हणते अगं आख्यायिका कुठली, सगळं मी रचलंय, लोकांना वाटेल पैठणला खरंच असं काही सांगतात. आणि पुढचं वाक्य "तिला प्रणयाचं उपकथानक आहे", ते वाचून आई म्हणाली हे टीव्हीवर मोरांच्या कार्यक्रमात बोलतात तसं वाटतंय. काय करू?

—

ताई, बहिणीचं बरोबर आहे. मराठीत आपण "अशी आख्यायिका आहे की" म्हणतो तेव्हा ती गोष्ट लोकांच्या तोंडी आधीपासून असावी लागते, खरी की खोटी ते कोणी बघत नाही, पण कोणातरी एकाने परवा बसून लिहिलेली नसावी. गडावर गाईड सांगतो, देवळात गुरव सांगतो, ती आख्यायिका.

पण संस्कृतात हे जवळजवळ उलटं होतं, ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. अमरकोशात आख्यायिका म्हणजे 'उपलब्धार्था', जिचा विषय आधीच माहीत आहे, घडून गेलेला आहे अशी, आणि कथा म्हणजे 'प्रबंधकल्पना', रचलेली. बाणभट्टाने सातव्या शतकात दोन्ही लिहिलं, हर्ष राजावरचं हर्षचरित ही आख्यायिका आणि कादंबरी ही कथा. म्हणजे तेव्हा आख्यायिका हा शब्द इतिहासाच्या बाजूचा होता, आणि आज आपण इतिहास नाही हे सांगायलाच "ती नुसती आख्यायिका हो" म्हणतो! शब्द तोच, पण नदीच्या या काठावरून त्या काठावर गेलाय.

—

आणि कादंबरी हा शब्दच त्या बाणाच्या नायिकेचं नाव आहे, हे ताईंच्या पुस्तकाला इतकं जुळतं ना! कादंबरी ही गंधर्वांची राजकन्या, तिचा प्रियकर चंद्रापीड हा शापामुळे माणूस झालेला चंद्र, आणि ही सगळी गोष्ट सांगतो कोण तर राजाच्या दरबारात आणलेला एक पोपट, जो स्वतः मागच्या जन्मी या प्रकरणात अडकलेला होता. म्हणजे गंधर्व, शाप, प्रेम सगळं त्यात आहे, आणि आपण आज बँकेतल्या कारकुनावर लिहिलेल्या पुस्तकालाही कादंबरीच म्हणतो. मी तर "कादंबरी" एवढंच ठेवीन, फार तर "अद्भुतरम्य" जोडा, जुन्या मराठी कादंबऱ्यांबद्दल लिहिताना हा शब्द नेहमी येतो.

—

प्रणयाबद्दल. आईंचा कान बरोबर आहे पण शब्दावर थोडा अन्याय झालाय. गीतेच्या 11 व्या अध्यायात विश्वरूप बघून घाबरलेला अर्जुन माफी मागतो की तुझा मोठेपणा न कळल्यामुळे तुला अरे कृष्णा, अरे यादवा म्हणालो, ते चुकून म्हणा किंवा 'प्रणयेन' म्हणा. तिथे प्रणय म्हणजे मैत्रीतला जिव्हाळा, अरेतुरे करता येईल इतकी सलगी. मराठीत तो हळूहळू स्त्रीपुरुषांपुरता उरला, मग प्रणयक्रीडा, प्रणयदृश्य असे जोडशब्द झाले आणि पार मोरांपर्यंत पोचला, आता तो कव्हरवर टाकला की वाचणाऱ्याला भलतंच वाटणार, त्याला इलाज नाही. 'प्रेमाचा पदर' म्हणा ना. कथेला पदर असतात हे आपण रोज बोलतो, आणि इथे तर नायक विणकर आहे आणि गाव पैठण, पदराची नक्षी जिथली ते!

—

वरचं पदर एकदम पटलं. उपकथानक चुकीचं नाही, पण वर्गात शिकवल्यासारखं वाटतं. नाट्यशास्त्रात यासाठी दोन शब्द होते, पताका आणि प्रकरी. मुख्य गोष्टीबरोबर लांबपर्यंत चालतं ते पताका, रामाच्या गोष्टीत सुग्रीवाचं आहे तसं, आणि एका जागी येऊन संपतं ते प्रकरी, शबरीचं आहे तसं. हे शब्द कव्हरवर टाकू नका, कोणाला कळणार नाहीत, पण बहिणीला विचारा तिच्या पुस्तकातलं प्रेम पताका आहे का प्रकरी. दहा पानांत संपत असेल तर मागच्या कव्हरवर त्याचा गाजावाजा नको.

—

सगळ्यांचे खूप आभार. विचारलं, पताका आहे, शेवटच्या लढाईपर्यंत जातं. आता असं केलंय: "शकांशी झुंजणारं प्रतिष्ठान, आणि त्याच गावात मागावर बसलेला एक शापित गंधर्व. युद्धाच्या गोष्टीला प्रेमाचा पदर असलेली कादंबरी." आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे चालेल.

—

छान झालंय, फक्त 'शापित' काढून 'शापभ्रष्ट' करा. शापित वाडा असतो, शापित घराणं असतं. शापामुळे आपल्या जागेवरून खाली आलेला तो शापभ्रष्ट, मेघदूतातला यक्ष तसा. तुमचा गंधर्व मागावर बसलाय म्हणजे खालीच आलाय की.

—

केलं. प्रिंटला जायच्या आधी कळलं हे फार बरं झालं.