१३ गेमची आघाडी गेली कुठे?

प्रश्न (सयाजीगंज, वडोदरा): जपानच्या बेसबॉल लीगमध्ये २००८ च्या जुलैत हानशिन टायगर्स हा संघ जायंट्स संघाच्या १३ गेम पुढे होता, तरी विजेतेपद जायंट्सना. हे 'गेम' मोजतात कसे?

अलकापुरीहून: दोन संघांच्या जिंकलेल्या सामन्यांतला फरक अधिक हरलेल्यांतला फरक, भागिले २. आमनेसामने जिंकलं की पूर्ण १ गेम कमी होतो. मागचा संघ दुसऱ्या कुणाविरुद्ध जिंकला आणि पुढचा त्या दिवशी खेळलाच नाही तर अर्धा. सप्टेंबरात जायंट्सनी हानशिनलाच सलग ३ सामन्यांत हरवलं, तिथेच ३ गेम उडाले.

दांडिया बाजारहून: त्याआधी ऑगस्टात बीजिंग ऑलिंपिक! हानशिनचे आराई, यानो, फुजिकावा तिघेही तिकडे. आराई पाठ दुखावून परतला, मधल्या फळीतला जोर गेला. पण नुसतं ऑलिंपिकवर ढकलू नका हो, जायंट्सचे आबे, उएहाराही गेले होतेच.

प्रश्नकर्ता: अर्ध्या गेमचं आत्ता कळलं. आभार!