अभयारण्यांच्या गेटचा पैसा माणसांच्या अभ्यासावर खर्च करावा का?

ठाणेकर_पायवाट

२००६ पासून दर ४ वर्षांनी वाघांची देशभर मोजदाद होते. कॅमेरे लागतात, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. पद्धत ठरलेली, पैसा ठरलेला. त्याच जंगलात जिप्सीतून फिरणारा पर्यटक, गेटवरचा गाइड आणि बफरमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, कापूस लावणारा शेतकरी यांच्याबद्दल आपल्या हाती काय असतं? तिकिटांचा हिशोब आणि एक तक्रारवही.

माझं म्हणणं असं की प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाने प्रवेशशुल्कातला ठरावीक हिस्सा समाजशास्त्रीय संशोधनासाठी बाजूला काढावा. ते काम खात्याने स्वतः करू नये, टाटा समाजविज्ञान संस्था किंवा बंगळुरूची अत्री (ATREE) ही पर्यावरण संशोधन संस्था अशा बाहेरच्या संस्थांना द्यावं. कायद्याची आडकाठी नाही. वन्यजीव कायद्यात २००६ साली ३८ एक्स हे कलम आलं आणि व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं उभी राहिली. गेटचं उत्पन्न प्रतिष्ठानाला वापरता येतं, आणि संशोधनाला पाठबळ देणं हे त्याच्या उद्दिष्टांत लिहिलेलंच आहे.

कृती कारंथ आणि रूथ डिफ्राइज यांनी २०११ मध्ये देशातल्या १० संरक्षित क्षेत्रांतल्या पर्यटनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यटक वर्षाला सरासरी १५ टक्क्यांनी वाढत होते आणि त्यातले बहुतेक भारतीयच होते. आसपासच्या लोकांपैकी पर्यटनात काम मिळालेले मात्र टक्क्याच्या हिशोबात दिसूही नयेत इतके थोडे. असा अभ्यास एकदाच करून भागत नाही. दर ४ वर्षांनी व्हायला हवा.

निवृत्त_वनपाल

सगळं वाचलं. आता जमिनीवर या. वनरक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात. जो आहे तो दोन-दोन बीट सांभाळतो, उन्हाळ्यात वणव्यामागे धावतो. हंगामी मजुरांचा पगार थकतो, वायरलेस बंद पडतात. त्यातून पैसा काढून "पर्यटकाला कसं वाटलं" विचारायचं? त्याला वाघ दिसला तर बरं वाटलं, नाही दिसला तर नाही. यासाठी पीएचडी कशाला?

आणि गर्दीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली व्याघ्र पर्यटनाचं जे प्रकरण गाजलं, त्यातूनच राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याच्या, २० टक्क्यांपर्यंतच पर्यटन, आणि किती गाड्या सोडायच्या त्याचं गणितही सोबत दिलंय. ते पाळा, पुरे.

ठाणेकर_पायवाट

वनपाल साहेब, ते गणित रस्त्याची लांबी आणि दोन गाड्यांमधलं अंतर यांवर चालतं. गाड्या किती मावतात ते कळतं. पाणवठ्यावर कितवी गाडी आली की लोक रेटारेटी करू लागतात, ड्रायव्हरवर "जवळ घे" म्हणून दबाव कुठून येतो, टिपेचा वाटा त्यात किती, हे त्यातून कळत नाही. ते माणसांना विचारूनच कळेल.

साताऱ्याचा_बाळू

कासचं सांगतो. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आलं आणि हंगामात शनिवार-रविवारी घाटाई फाट्यापर्यंत गाड्या. मग दिवसाला ३००० माणसं, ऑनलाइन बुकिंग, शुल्क. चांगलंच झालं, आसपासच्या गावांतल्या पोरांना काम मिळालं. पण हा ३००० चा आकडा फुलांच्या सोयीचा, पार्किंगच्या सोयीचा की संडासांच्या सोयीचा, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. कुंपणाचंही तेच. घातलं, गुरं आत जायची थांबली. पुढे अभ्यासकच म्हणायला लागले की चराई थांबली म्हणून गवत माजलं आणि फुलं मागे पडली. मग कुंपण काढलं. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांना आधी विचारलं असतं तर तो खर्च दोनदा झाला नसता. त्यांना विचारणं म्हणजेच तुमचं ते समाजशास्त्र ना?

युटावासी_कुलकर्णी

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, युटातल्या आर्चेस नॅशनल पार्कपासून काही तासांवर राहतो. तुम्ही जे मागताय ते इथे केव्हाचं आहे, आणि म्हणूनच मला त्याचं फार कौतुक नाही.

अमेरिकी काँग्रेसने १९५८ मध्ये लोकांच्या निसर्गातल्या भटकंतीचा आणि करमणुकीचा आढावा घ्यायला आयोग नेमला. १९६२ च्या अहवालाला २७ अभ्यासग्रंथ जोडलेले होते. १९९९ पासून केंद्रीय खाती आणि विद्यापीठं यांचं एक कायमचं जाळं आहे, त्यातून पार्कांना समाजशास्त्रज्ञ मिळतात आणि विद्यापीठाने वरखर्च म्हणून १७.५ टक्केच घ्यायचे असं ठरलेलं आहे. एवढी चोख व्यवस्था.

आता आर्चेस. रॉबर्ट मॅनिंग या संशोधकाच्या गटाने १९९० च्या दशकात तिथल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीचे फोटो लोकांना दाखवले, एकात माणसं कमी, पुढच्यात जास्त, आणि कुठपर्यंत चालेल ते विचारलं. एका वेळी ३० च्या आसपास अशी मर्यादा निघाली. उत्तम काम, पाठ्यपुस्तकांत गेलं. पण २०२१ मध्ये वर्षाला १८ लाखांवर लोक आले, सकाळीच गेट बंद करायची वेळ यायची, आणि २०२२ पासून वेळेचं आरक्षण सुरू करावं लागलं. म्हणजे मर्यादा माहीत होती, ती पाळायची हिंमत यायला पाव शतक गेलं. मोटेलवाले आणि राजकारणी यांच्यापुढे अहवाल टिकत नाही.

शिवाय इथे सरकारी पैशाने दहा किंवा जास्त लोकांना एकच प्रश्नावली द्यायची तर वॉशिंग्टनहून मंजुरी लागते. तुमच्याकडे तर मंत्रालय आहे. शुभेच्छा.

रानफूल_७

कुलकर्णी, उदाहरण सोयीचं निवडलंत. ॲरिझोनातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट का नाही? तिथे लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून पाट्या बदलून पाहिल्या. "पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यान बदललं" अशा आशयाची पाटी होती तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" असं साधं सांगितलं तेव्हा २ टक्क्यांहून कमी. सगळेच नेतात म्हटल्यावर माणसाला परवानाच मिळतो. खर्च किती? पाटी आणि रंग. आपल्या किल्ल्यांवरच्या आणि लेण्यांतल्या पाट्या आठवा, "येथे लोक कचरा टाकतात" छापाच्या.

निवृत्त_वनपाल

पाटीचं पटलं. अशी छोटी कामं करा, ना नाही. पण संस्थांना करार, त्यांचे वरखर्च, सल्लागार, कार्यशाळेचं जेवण... हे सुरू झालं की पाटी राहते बाजूला.

बिबट्याचंच घ्या. जुन्नरला पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला, तो चूक होता हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले, नंतर १७. पण ते जीवशास्त्र होतं. त्याला समाजशास्त्राची टोपी घालू नका. आणि जुन्नर-शिरूरला उसात आजही माणसं मरतायत.

ठाणेकर_पायवाट

आकडे जीवशास्त्राचे, मान्य. पण पिंजरा लावा म्हणून दबाव कोण आणत होतं? गावकरी, पुढारी, वर्तमानपत्रं. तो दबाव समजून घेतल्याशिवाय पिंजरा थांबत नाही. म्हणून तर २०११ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुंबईकर्स फॉर एसजीएनपी हा उपक्रम वनखात्याने विद्या अत्रेय यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि नागरिक यांना घेऊन सुरू केला. पत्रकारांसाठी कार्यशाळा झाल्या. सुमारे १०४ चौरस किमीचं जंगल, चहूबाजूंनी वस्ती. तिथे बिबट्यापेक्षा बातमी कशी छापली जाते याचा अभ्यास जास्त कामाचा होता.

वारली पाड्यांतल्या वाघोबाच्या देवस्थानांवर रम्या नायर आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास आहे. मुंबई उपनगर, ठाणे, पालघरमधली दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली. वाघबारशीला पूजा करणारा माणूस बिबट्याला काय समजतो, हे व्यवस्थापन आराखड्यात यायला नको?

बफरवाला

मी एका व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधला, गाइड आहो. तुमी सारे छान बोलून राहिले. आता माह्यं ऐका.

आमच्या गावात सर्वेवाले येत राहतात. घरात माणसं किती, जनावरं किती, लाकूड कुठून आणता, वाघाची भीती वाटते का. चहा पिऊन जातात. त्याचं पुढं काय झालं ते कोणी सांगायला येत नाही. अहवाल इंग्रजीत. एकानं मले इचारलं, "वाघाबद्दल तुमच्या भावना काय?" मी म्हटलं, गाय मेली त्याचे पैसे कधी भेटतील ते सांगा, मंग भावना सांगतो. त्याच्या फारमात ते कॉलमच नव्हतं.

मी संशोधनाच्या इरोधात नाही जी. पण सवाल कोण ठरवते? गेटचा पैसा आमच्या जंगलाचा आहे. त्यातून अभ्यास करायचा असंल तं सवाल ग्रामसभेत ठरू द्या, आन अहवाल मराठीत ग्रामसभेतच वाचून दाखवा. सर्वे करणारी पोरं गावातली घ्या, रोजी द्या. हे नाही तं मंग वनपाल साहेब म्हणतात तेच बरं, वनरक्षक वाढवा.

ठाणेकर_पायवाट

ही अट मला करारातच हवी. शेवटचा हप्ता ग्रामसभेत वाचन झाल्यावरच.

निवृत्त_वनपाल

ग्रामसभेची अट आली तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा पैशाचा. गेटला हात लावू नका, कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे त्यांचा सामाजिक कामांसाठीचा पैसा, घ्या.

बफरवाला

साहेब, सीएसआर कोणाचा घेसाल? आमच्याकडं खाणवाले आहेत आन रिसॉर्टवाले आहेत. मंग सवाल तेच ठरवतील.