वर्ल्ड सिरीज पावसात खेळवणं हा निव्वळ हट्ट आहे

रात्रपाळी
काल २००८ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची (सातातल्या चार मॅच जिंकल्या की चॅम्पियन), पाचवी मॅच परत बघत बसलो, फिलाडेल्फिया विरुद्ध टॅम्पा बे, आणि डोकंच फिरलं राव. मैदानात डबकी, फिलाडेल्फियाच्या हॅमल्सला चेंडू धड पकडता येईना, सहाव्या इनिंगमध्ये टॅम्पाचा अप्टन चिखलातून पळत दुसरा बेस चोरतो (फटका नसतानाच तिथं पोचतो), मग पेन्याच्या फटक्यावर थेट घरच्या बेसवर, म्हणजे एक रन, २-२, आणि आता म्हणे थांबा! २७ ऑक्टोबरला थांबलेली मॅच २९ ला पुढे सुरू. ७५ चेंडू टाकलेला हॅमल्स परत आलाच नाही. माझं मत, फायनल फक्त छप्पर असलेल्या स्टेडियममध्येच घ्या.

ताडपत्रीवाला
अजिबात पटलं नाही. २०१६ ची सातवी मॅच आठव. शिकागो ६-३ पुढे होतं, आठव्या इनिंगला डेव्हिसनं होम रन मारून ६-६ केलं, क्लीव्हलंडचं अख्खं स्टेडियम नाचतंय. नऊ इनिंग संपल्या आणि पाऊस आला, फक्त १७ मिनिटं. तेवढ्यात शिकागोच्या हेवर्डनं पोरांना वेट रूममध्ये (व्यायामाच्या खोलीत) गोळा करून समजावलं, बाहेर येऊन दोन रन काढले, ८-७, विजेतेपदाचा १०८ वर्षांचा उपास सुटला. छप्पर असतं तर ही गोष्ट झाली असती का?

रात्रपाळी
अरे मी तेच तर म्हणतोय! क्लीव्हलंड जोरात होतं, पावसानं हवा काढली. ते बिचारे १९४८ पासून ताटकळलेत.

ताडपत्रीवाला
पाऊस काय एकट्या क्लीव्हलंडवर पडला? त्यांनाही १७ मिनिटंच मिळाली होती, घ्यायची मिटिंग.

ह्यूस्टनकर
छपराचं कौतुक आमच्या गावाला सांगू नका 😄 १५ जून १९७६, अ‍ॅस्ट्रोडोम, वर पक्कं छप्पर, आत मैदान कोरडं ठणठणीत, पिट्सबर्ग आणि ह्यूस्टन दोन्ही टीम हजर, तरी मॅच रद्द, कारण शहर पाण्यात बुडालेलं, अंपायर आणि पब्लिक पोचणार कसे!

गुगलीकाका
आमच्या क्रिकेटात निदान डकवर्थ-लुईस तरी आहे, शिव्या घालायला. बेसबॉलच्या साध्या मॅचमध्ये पाच इनिंग होऊन पावसानं खेळ बंद पडला की जो पुढे तो जिंकला. त्या २००८ च्या मॅचला पाच इनिंगनंतर फिलाडेल्फिया २-१ पुढे होतं, आधीच्या तीन मॅच खिशात, म्हणजे कागदावर तिथेच चॅम्पियन! बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर सीलिगनी सांगितलं होतं असं होऊ देणार नाही म्हणून, पण नियमात ते नव्हतं, प्लेऑफची (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांची) मॅच पूर्णच खेळायची हे नंतर २००९ मध्ये लिहून काढलं. खरा घोळ नियमाचा होता, पावसाला कशाला बोल लावायचा.

रात्रपाळी
काका, मग १९२५ चं काय? पिट्सबर्गला सातवी मॅच, पाऊस, वर धुकं, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर लाकडाचा भुसा टाकून खेळवलं. वॉशिंग्टननं पहिल्याच इनिंगला ४-० केलेलं, आणि त्यांचा वॉल्टर जॉन्सन, वय ३७, शेवटपर्यंत त्या चिखलात चेंडू टाकत राहिला आणि ९-७ नी हरले. याला खेळ म्हणायचं?

ताडपत्रीवाला
पिट्सबर्गचे बॅटर काय कोरड्यात उभे होते? आणि छपराची एवढी हौस असेल तर शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानापासून सुरुवात कर, शिकागोवाले त्याच ताडपत्रीत गुंडाळून घरी पाठवतील तुला.