आफ्रिकी रानरेड्यासाठी .३७५ रायफलीत कोणती गोळी वापरावी?

कुडूवाला, विंडहुक

नोकरीनिमित्त मी सहा वर्षांपासून नामिबियात राहतो आणि येथील परवान्यावर कुडू व ओरिक्स या मोठ्या हरणांसारख्या जनावरांची शिकार केली आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाल्यामुळे या विषयावर मराठीत बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून येथे विचारतो. पुढच्या हंगामात झांबेझी प्रदेशात, परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याच्या सोबतीने, एका म्हाताऱ्या रानरेड्याची शिकार ठरली आहे. मांस तेथील गावाकडे जाईल.

गेल्या वर्षी .३०-०६ रायफलीतून १८० ग्रेनची (पावणेबारा ग्रॅमच्या आसपासची) साधी मऊ नाकाची गोळी एका कुडूच्या फऱ्याच्या हाडावर बसली. हाडावरच तिचे आवरण आणि शिशाचा गाभा वेगळे झाले, आणि आम्हाला तीन तास रक्ताचा माग काढावा लागला. कुडूच्या दुप्पट-तिप्पट वजनाच्या जनावराच्या बाबतीत ही चूक मला परवडणारी नाही. एका शेतकरी मित्राची ९.३×६२ मिळू शकते आणि दुसऱ्याची .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड). कोणती रायफल घ्यावी, आणि गोळी लागताच फुलून पसरणारी असावी की सॉलिड, म्हणजे आकार न बदलणारी?

दाजीपूरकर

रायफलीचा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला आहे. नामिबियात रानरेड्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा लागते. ९.३×६२ ही १९०५ पासूनची अतिशय गुणी काडतूस-जात असली, तरी तिच्या २८६ ग्रेनच्या नेहमीच्या काडतुसाची ऊर्जा सुमारे ४,८०० ज्यूल भरते. १९१२ सालची .३७५ मात्र ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते आणि ५,७०० ज्यूलच्या पुढे जाते. तेव्हा .३७५ घ्या आणि तो विषय संपवा.

आता गोळीविषयी. तुमच्या कुडूच्या वेळी जे घडले ते नवे नाही. जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याने १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर (मूस म्हणजे तिकडचे प्रचंड हरीण) गोळ्या झाडल्या, तेव्हा जास्त वेगामुळे त्या वरच्यावर फुटल्या आणि आत पोहोचल्याच नाहीत. त्याने मग गोळीच्या मध्यभागी तांब्याची आडवी भिंत ठेवली, जेणेकरून पुढचा अर्धा भाग फुलला, झिजला, तरी मागचा अर्धा शाबूत राहून आत शिरत राहील. ही पार्टिशन गोळी १९४८ पासून विक्रीला आली. पुढे काही निर्मात्यांनी शिशाचा गाभा आवरणाला डाग दिल्यासारखा कायमचा जोडून टाकला, आणि स्विफ्ट कंपनीच्या ए-फ्रेम गोळीमध्ये भिंत व जोड ही दोन्ही आहेत. अशा जोडगाभ्याच्या गोळ्या छत्रीसारख्या उमलतात, पण वजन फारसे सोडत नाहीत. एका रेड्याच्या पलीकडच्या कातडीखाली अडकलेली माझी गोळी मी सोनाराच्या काट्यावर तोलली, तेव्हा ३०० पैकी २८३ ग्रेन भरली.

वजन कमी करून वेग वाढवण्याचा मोह टाळा. गोळीचे वजन आणि तिच्या व्यासाचा वर्ग यांचे जे गुणोत्तर काढतात, ते तुमच्या १८० ग्रेनसाठी ०.२७१ आहे आणि .३७५ च्या ३०० ग्रेनसाठी ०.३०५. जाड कातडे, रुंद बरगड्या आणि प्रसंगी फऱ्याचे हाड ओलांडून हृदयापर्यंत जायचे, तर हा फरक कामी येतो.

माळरान

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु शिशाशिवायच्या अखंड तांब्याच्या गोळ्यांचा उल्लेख राहिला. त्यांच्यात गाभा वेगळा होण्याचा प्रश्नच नाही आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत, जे गावात वाटल्या जाणाऱ्या मांसाच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते. अडचण एवढीच की तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तितक्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात अधिक जागा खाते. म्हणून ३०० ग्रेनच्या पुढे जाऊ नका. शिशाच्या गोळ्यांनंतर लगेच तांब्याच्या झाडायच्या असतील, तर नळी आधी आतला तांब्याचा लेप निघेपर्यंत खरवडून स्वच्छ करा, नाहीतर नेम इकडेतिकडे जाईल आणि दोष गोळीला दिला जाईल.

कुडूवाला, विंडहुक

दोघांचेही आभार. मग सॉलिडचे काय? येथील जुने लोक पहिल्या बारापासून सॉलिडच भरायला सांगतात.

दाजीपूरकर

तो सल्ला फुलणाऱ्या गोळ्यांवर भरवसा नव्हता त्या काळातला आहे. सॉलिड फुलत नाही, त्यामुळे ती आरपार जाते. कळपात तुमच्या रेड्यामागे एखादी म्हैस उभी असेल, तर तीही जखमी होते आणि तिचा माग तुम्हालाच काढावा लागतो. पहिली गोळी जोडगाभ्याची किंवा तांब्याची ठेवा. जखमी रेडा पाठमोरा पळू लागला की मात्र मागून पुढपर्यंत पोहोचणारी गोळी हवी. तेथे चपट्या नाकाची सॉलिड उपयोगी पडते, कारण गोल नाकाच्या गोळीपेक्षा ती सरळ मार्ग धरते. म्हणून मॅगझिनमध्ये पहिल्या गोळीच्या खाली सॉलिड ठेवावी, असे माझे मत आहे.

अट एकच. दोन्ही गोळ्या तुमच्याच रायफलीतून ६० मीटरवर एकाच ठिकाणी बसल्या पाहिजेत. माझ्या एका रायफलीत सॉलिड चार बोटे खाली जात असे, आणि ते मला ऐन रानात कळले.

नेमाविषयी थोडे. रेड्याचे हृदय आपल्याला वाटते त्यापेक्षा खाली आणि पुढे असते. दाजीपूरच्या जंगलात गवा पाहिलेल्याची नजर पाठीच्या उंचवट्याने फसते, तशीच येथेही ती मध्यावर जाते. पुढच्या पायाची रेघ धरा आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश वर थांबा.

कुडूवाला, विंडहुक

.३७५ ठरली. तीनशे ग्रेनच्या जोडगाभ्याच्या वीस आणि चपट्या नाकाच्या सॉलिड दहा मागवल्या आहेत. रद्दीचे गठ्ठे न्हाणीघरातल्या टबात भिजत घातले आहेत. शनिवारी त्यांवर गोळ्या झाडून मग काट्यावर तोलून वजने येथे कळवतो.