१५ ऑगस्ट : मुलांना 'देशाचा अभिमान का?' हे घोषणांशिवाय कसं सांगावं?

पाऊलवाट :
सोसायटीत झेंडावंदनानंतर मुलांसाठी चाळीस मिनिटं राखून ठेवली आहेत. नऊ ते चौदा वयाची साधारण पंचवीस मुलं असतील. 'भारत माझा देश आहे' त्यांना पाठ आहे, चांद्रयान आणि क्रिकेटही माहीत आहे. पण सातवी-आठवीतलं मूल सरळ विचारतं, "आपण इथे जन्मलो म्हणून हा देश चांगला, एवढंच ना?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं आहे. ठोस, आकडे सांगता येतील आणि मुलांच्या हातालाही काम मिळेल असं काही सुचवा. नुसतं भाषण नको.

शाईचा_ठिपका :
एकच गोष्ट निवडायची तर पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्या. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य लोकांना उमेदवाराचं नाव वाचता येत नव्हतं. तरीही शिक्षण, मालमत्ता, जात, बाई-पुरुष यांतली एकही अट न घालता २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत दिलं. मुलांना हेच सांगा : "वाचता येत नाही त्याला मत कसं देऊ?" असं न म्हणता, "वाचता येत नाही त्याला मत देता येईल अशी पद्धत कशी करू?" असा विचार झाला.

पद्धत अशी होती : प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर काही खूण करायची नाही, ती फक्त हव्या त्या पेटीत टाकायची. त्यासाठी लाखो पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

चुकलं तेही सांगा, लपवू नका. मतदारयादी करताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. त्या वेळी ते फार कठोर वाटलं असणार. पण बाईला तिच्या स्वतःच्या नावानेच मतदार मानायचं, हा आग्रह मला त्या सगळ्या निवडणुकीतला सर्वांत मोठा भाग वाटतो.

पाऊलवाट :
हे फार आवडलं. पेट्यांचा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल का? चाळीस मिनिटांत बसेल?

शाईचा_ठिपका :
बसेल. बुटांची चार रिकामी खोकी घ्या. झाकणाला बोटभर लांब आणि जेमतेम घडी जाईल इतकीच रुंद चीर पाडा. चीर मोठी झाली की मुलं आत हात घालतात. खोक्यांवर चित्रं चिकटवा : झाड, चेंडू, सायकल, पुस्तक. विषय 'आवारातल्या मोकळ्या कोपऱ्यात काय हवं' असा खराखुरा ठेवा आणि निकाल पाळणार असाल तरच मत घ्या.

आधी यादी करा. प्रत्येकाने स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, 'रोहनची बहीण' चालणार नाही. त्या २८ लाखांची गोष्ट इथेच सांगा, लगेच पोचते. चिठ्ठ्या पन्नास कापा, कारण मतदान दोनदा घ्यायचं आहे. प्रत्येक चिठ्ठीमागे एका मोठ्या माणसाची सही हवी, नाहीतर वहीचं पान फाडून जादा मतं पडतात.

पहिल्यांदा खोकी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवा. दुसऱ्यांदा चादरीच्या आडोशाला, एका वेळी एकच मूल आत. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. सगळ्यांसमोर टाकताना लहान मुलं दादा-ताईकडे पाहून टाकतात, म्हणून फरक पडण्याची शक्यता बरीच. गुप्त मतदान कशासाठी, हे वेगळं समजवावं लागत नाही.

मोजताना दिलेल्या चिठ्ठ्या आणि पेटीतल्या चिठ्ठ्या जुळतात का तेही पाहा. एखादी खिशातून बाहेर जातेच. खऱ्या निवडणुकीतही हाच धोका होता : कोरी मतपत्रिका बाहेर आणून दुसऱ्याला देता यायची. १९५२ आणि १९५७ नंतर वेगवेगळ्या पेट्या मागे पडल्या आणि एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली.

बोटाला साधा मार्कर लावा. खरी शाई १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात तयार होते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट त्वचेतल्या क्षाराशी मिळून उजेडात काळं पडतं, म्हणून धुऊन जात नाही. तसलं रसायन मुलांच्या हाताला लावू नका, त्वचा भाजते.

दोन_थेंब :
बोटावरच्या शाईवरून आठवलं, पोलिओही घ्या. डाव्या तर्जनीची शाई मोठ्यांची, डाव्या करंगळीची लहानांची. भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२, आणि २०११ साली फक्त एक. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात आढळलेला तो शेवटचा. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

हे अवघड का होतं, ते जरूर सांगा. तोंडावाटे द्यायची लस उन्हात निकामी होते. दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब असतील तर दोन-तीन डोस पुरत नाहीत, तेच मूल पुन्हा पुन्हा गाठावं लागतं. म्हणून रविवारी बूथ आणि पुढचे दिवस घरोघर. सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने 'पी', मूल राहिलं की 'एक्स', आणि 'एक्स'च्या घरी परत फेरी. शिवाय रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडवर वेगळी पथकं.

लसीच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला की कुपी टाकायची. कागदावर चार गोल वेगवेगळ्या छटांत रंगवून न्या आणि 'यातली कुठली द्याल?' असं विचारा. तिसऱ्या गोलावर हमखास वाद होतो, तो होऊ द्या. मला अभिमान वाटतो तो त्या खडूच्या खुणेचा : राहिलेल्या एका मुलासाठी कुणीतरी परत त्या जिन्याने वर गेलं.

गाठ_सरफास :
झेंड्याचं कामही मुलांकडेच द्या, पण आदल्या दिवशी सराव करून. सोसायटीला ९०० × ६०० किंवा १३५० × ९०० मिलिमीटरचा पुरतो, प्रमाण ३:२ हवंच. उलटा झेंडा चढतो तो बहुतेकदा घडी करून दोरीला बांधताना. घडीत केशरी टोक कुठलं ते दिसत नाही, म्हणून बांधायच्या आधी वरच्या कोपऱ्याच्या दोरीला केशरी धागा गुंडाळून ठेवा. पाकळ्या मूठभरच. जास्त भरल्या आणि पावसाने ओल्या झाल्या की गाठ आवळते आणि ऐन वेळी सुटत नाही. गाठ सरफासाचीच मारा आणि दोनदा ओढून बघा.

चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. घडी अशी : झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग पांढरा दोन्हीकडून असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. तळहातांवर ठेवून न्यायचा. याला चार मुलं लागतात. एकट्याने केली तर एक टोक जमिनीला टेकतंच.

कागदी झेंडे वाटणार असाल तर मोजून वाटा आणि तेवढेच परत घ्या. दाराशी एक पिशवी धरून कुणाला तरी उभं करा.

पाऊलवाट :
ठरलं. आधी झेंडा, मग यादी आणि दोन्ही मतदानं, मोजणी चालू असताना पोलिओचे गोल. यादीचं काम आठवीतल्या दोन मुलींकडे देते. 'गाठ_सरफास', पावसात झेंडा भिजला तर घडी तशीच करायची का?

गाठ_सरफास :
नाही. ओला घडी केला तर रंग एकमेकांना लागतो, खादीचा असेल तर जास्तच. घरात सावलीत, जमिनीला टेकणार नाही असा आडवा पसरून वाळवा. संध्याकाळी घडी करा.