सोनेरी काठाचे दोन कप आणि बशी एकच, दुसरी हरवलीय का?

म्हापशेकर:
लोटलीला एका जुन्या घरातलं सामान निघालेलं, तिथून घेतलं. एक कप रुंद तोंडाचा, दुसरा सरळसोट डब्यासारखा, दोघांवर सेम सोनेरी वेलबुट्टी. विकणारा म्हणाला इंग्लिश बोन चायना, २०० वर्षं जुनं. खाली कंपनीचं नावच नाही, तांबड्या रंगात हातानं ४८६ लिहिलंय फक्त. साडेतीन हजार मोजले, बायको म्हणते फसलास. दुसरी बशी कुठे मिळेल?

मडगावचा काका:
हरवलेली नाही रे बाबा, तेव्हा ट्रायोच असायचा! चहा आणि कॉफी एकदम कोण पितो, म्हणून दोन कपांत मिळून एक बशी. सरळ कप तो कॉफी कॅन. आणि नाव नाही म्हणून घाबरू नको, त्या काळात बऱ्याच मालावर नुसता पॅटर्न नंबर, म्हणजे नक्षीचा नंबर, असायचा. 'इंग्लंड' छापलेलं असतं तर साधारण १८९१ नंतरचं, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे ते छापायला लागले. तिन्हींवर नंबर तोच आहे का बघ, लोक जोड्या जुळवून विकतात.

कपबशीवेडा:
पण आपल्याकडच्या जुन्या घरांतून चीनहून आलेला मालही भरपूर निघतो हां. चिनी पांढऱ्यात निळसर करडी झाक असते, बोन चायना दुधासारखं पांढरं, त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख. आतून मोबाईलचा टॉर्च लावला की बाहेर धरलेल्या बोटांची सावली दिसते, पण चिनीतही दिसते, त्यामुळे एकट्या टॉर्चवर जाऊ नको.

म्हापशेकर:
बशीवर आणि चहाच्या कपावर ४८६, कॉफीवाल्यावर काहीच नाही. रंग दुधाळ आहे. एक घोळ झाला पण, सोनं काळपट वाटलं म्हणून मी लिंबू लावून घासणीनं घासलं, काठावरचं थोडं गेलं.

मडगावचा काका:
अरे देवा! सोनं पाऱ्यात कालवून लावायचे, भट्टीत पारा उडून जायचा, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटून चमक आणायचे. ते मऊ पिवळंच दिसतं, आरशासारखं चकाकतं ते नंतरचं. ओठ लागतो तिथे झिजलेलं असणंच बरं, आता वर नवीन सोनं मारून घेऊ नको, किंमत जाईल. खाली टॉवेल टाकून कोमट पाण्यात मऊ कापडानं धू, मायक्रोवेव्हमध्ये चुकूनही नको, ठिणग्या उडतील. नंबर नसलेल्या कपाची वेल बशीशेजारी ठेवून नीट बघ, पानांची वळणं जुळतायत का.

म्हापशेकर:
जुळतायत, देव बरें करूं काका. बायकोला ट्रायो समजावलं, ती विचारते दोघं एकदम प्यायलो तर दुसरा कप ठेवायचा कुठे.