मदत हवी आहे: तोरणमाळकडच्या पाड्यांवर मुलांचे कपडे न्यायचेत

नमस्कार. आमच्या धुळ्यातल्या चर्चची आम्ही आठ जणं नाताळाआधी धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर मुलांसाठी जमवलेले कपडे घेऊन जातोय. तोरणमाळ हजार मीटरच्याही वर, डिसेंबरात थंडी हाडात शिरते. जमलेत मात्र लग्नातले जरीचे फ्रॉकच जास्त! गेल्या वर्षी आम्ही दिलेल्या एका स्वेटरला एकही बटण नव्हतं. ती मुलगी तो दोन्ही हातांनी पुढून आवळून उभी होती. ते डोळ्यांपुढून हलत नाही. यंदा प्रत्येक कपडा धुऊन, बटणं लावूनच नेणार.

शहाद्याहून जीपने वर जाऊ, पुढे पायवाट. तिथल्या पावरा आदिवासींची पावरी बोली बोलणारं कुणी सोबत येईल का? वाटप शाळेत करावं की घरोघरी? मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणं मला पटत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मापाचे स्वेटर असतील तर जरूर कळवा.